पॅथॉलॉजीत पीएचडी : आधी ब्लॉक मोजा, मग विषय ठरवा

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात पॅथॉलॉजीत पीएचडी करू पाहणारे बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी एखादा भारदस्त विषय, मग गाइडचा शोध, मग प्रवेश परीक्षा, नोंदणी, एथिक्स कमिटी. दीड-दोन वर्षांनी रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पाहिलं तर हव्या त्या गाठीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून जपलेले ऊतींचे तुकडे, पुरेसे नसतात. मग विषय बदलण्याचा अर्ज आणि कमिटीकडे पुन्हा फेऱ्या. फेलोशिपचे महिने मात्र कोणासाठी थांबत नाहीत.

या विषयातलं संशोधन ऊतींवर चालतं, आणि ऊती आयत्या वेळी तयार करता येत नाहीत. म्हणून पुढचा क्रम साहित्यापासून मागे येत लावला आहे. एमडी किंवा तिच्या तोडीची डीएनबी झालेले आणि एम.एस्सी. झालेले, दोघांनाही तो लागू आहे. जिथे वाटा वेगळ्या होतात तिथे तसं सांगितलं आहे.

## टप्पा १ : ही पदवी काय देते आणि काय देत नाही

एमडी झालेल्याला पीएचडी संशोधनाचं प्रशिक्षण देते, प्रकल्पांसाठी अनुदान मागताना वजन देते आणि रेण्वीय (डीएनए-आरएनएवर काम करणाऱ्या) प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने काम करण्याची संधी देते. रिपोर्टिंगच्या कामात तिने काही फरक पडत नाही.

एम.एस्सी. झालेल्यांचा गैरसमज यापेक्षा महागात पडतो. लॅबमध्ये काही वर्षं काम केलेले अनेक जण पीएचडीकडे वळतात, कारण पुढे आपल्याच सहीने रिपोर्ट देता येतील असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. पॅथॉलॉजी रिपोर्टवर सही करायला नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक असावं लागतं आणि पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर वैद्यकीय पात्रता लागते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये हाच दंडक मान्य केला. नावापुढे पीएचडीमुळे ‘डॉ.’ लागलं तरी सहीचा अधिकार त्यासोबत येत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या पॅथॉलॉजी विभागात अध्यापक व्हायचं असेल तरी एमडी किंवा डीएनबीच धरली जाते. संशोधन संस्था, रेण्वीय निदान, नमुने जपणाऱ्या बायोबँक, औषध कंपन्यांचे संशोधन विभाग या वाटा एम.एस्सी.-पीएचडीला खुल्या आहेत, आणि चांगल्या आहेत. फक्त निघताना आपण कुठे जातोय ते माहीत असावं.

इशारा : पत्राद्वारे किंवा दूरशिक्षणाने पीएचडी विद्यापीठ अनुदान आयोगाला (यूजीसीला) मान्य नाही. ‘घरबसल्या पीएचडी’ असं कोणी सांगत असेल तर तिथे फीची चौकशीसुद्धा करू नका.

## टप्पा २ : दार निवडा

या पट्ट्यात मुख्यतः तीन दारं आहेत.

पहिलं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं. कळव्याचं महापालिकेचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आणि नेरूळचं तेरणा या विद्यापीठाशी संलग्न आहेत. पण संलग्न असणं वेगळं आणि त्या विषयात पीएचडी केंद्र म्हणून मान्यता असणं वेगळं. विभागात एमडीचे विद्यार्थी दिसतात म्हणून पीएचडीची नोंदणीही तिथेच होईल असं गृहीत धरू नका. त्या वर्षाची मान्यताप्राप्त केंद्रांची आणि गाइडची यादी विद्यापीठाकडूनच तपासा.

दुसरं दार अभिमत विद्यापीठांचं : कामोठ्याचं एमजीएम आणि नेरूळचं डी. वाय. पाटील. प्रवेशाची प्रक्रिया त्यांची स्वतःची. रुग्णालय आणि विद्यापीठ एकाच आवारात असल्यामुळे कागद लवकर हलतात, पण फी सगळी मिळून किती होते ते आधी लेखी विचारा. वार्षिक शुल्क, कोर्सवर्क, प्रयोगशाळेचा वापर, मुदतवाढ, प्रबंध सादर करण्याचं शुल्क असं सगळं त्यात यायला हवं. मुदतवाढीचं शुल्क कोणी आपणहून सांगत नाही.

तिसरं दार खारघरच्या ॲक्ट्रेकचं. टाटा मेमोरियल सेंटरची ही संशोधन संस्था असून पदवी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेची, म्हणजे एचबीएनआयची मिळते. काम पूर्णवेळ आणि कर्करोगाशी निगडित. इथे जीवशास्त्राच्या वाटेने आलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात आणि त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवरच्या पात्रता परीक्षेचा निकाल कळीचा ठरतो. परळला रोज जाण्याची तयारी असेल तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तिथल्या संस्थाही पाहाव्यात.

नियमांची चौकट यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांची आहे. प्रत्येक विद्यापीठाचे पोटनियम त्यावर चढतात. लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा :

- पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत.
- कालावधी किमान ३ वर्षं, कमाल ६. पुनर्नोंदणीने आणखी २ वर्षं. महिला आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर आणखी २.
- महिलांना प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी संपूर्ण कालावधीत २४० दिवसांपर्यंत रजा.
- अर्धवेळ पीएचडी चालते, पण नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र लागतं.

ना हरकत प्रमाणपत्रात ‘हरकत नाही’ एवढं एकच वाक्य असून भागत नाही. संशोधनासाठी पुरेसा वेळ दिला जाईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं केलं जाईल, असं त्यात स्पष्ट हवं. महापालिकेच्या सेवेत असाल तर हा कागद विभागप्रमुख, अधिष्ठाता, मुख्यालय अशा टेबलांवरून फिरतो. जाहिरात आल्यावर अर्ज टाकला तर बहुधा अंतिम तारीख निघून जाते. जाहिरातीची वाट न पाहता अर्ज आधीच टाकून ठेवा.

## टप्पा ३ : ब्लॉक मोजा

बहुतेक जण हा टप्पा गाळतात, म्हणून त्यावर जरा जास्त.

समजा, तोंडाच्या कर्करोगात एखाद्या प्रथिनाचा अभ्यास करायचा आहे. हिस्टोपॅथॉलॉजीच्या रजिस्टरमध्ये पाच वर्षांत अशा ४०० नोंदी दिसतात, आणि गडी खूश होतो. या ४०० पैकी काही नुसत्या बायोप्सी असतात आणि त्यातली ऊती निदानातच संपलेली असते. काही रुग्णांनी शस्त्रक्रियेआधी केमो घेतलेली असते. काही ब्लॉक दुसऱ्या मतासाठी नातेवाइकांनी नेलेले असतात आणि ते परत आलेले नसतात. काहींच्या खणात ब्लॉक आहे, पण ट्यूमर चिमूटभर. आणि निदान एका रुग्णालयात, उपचार दुसरीकडे हे या पट्ट्यात नेहमीचंच, त्यामुळे पुढे रुग्णाचं काय झालं हे अनेकदा आपल्या केस पेपरात सापडत नाही.

मोजणी अशी करा :

१. विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या. या वेळी फक्त मोजायचं आहे. ब्लॉक कापायचा नाही, रुग्णाचं नाव-गाव उतरवून घ्यायचं नाही.

२. रजिस्टरमधून ३० नोंदी चिठ्ठ्या टाकून निवडा. ओळीने पहिल्या ३० घेऊ नका, कारण एकाच काळातले ब्लॉक सहसा एकाच अवस्थेत असतात.

३. प्रत्येक ब्लॉक प्रत्यक्ष हातात घ्या. त्याची एच अँड ई, म्हणजे नेहमीच्या दोन रंगांनी रंगवलेली, स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. ट्यूमर किती, नेक्रोसिस म्हणजे मेलेला भाग किती, ब्लॉकमध्ये किती ऊती उरली आहे ते लिहा.

४. उपचार आणि पाठपुराव्याची माहिती कुठे मिळेल ते प्रत्येक केसपुढे नोंदवा.

५. वापरण्याजोग्या केसचं प्रमाण काढा. ३० पैकी १८ निघाल्या तर ६० टक्के. म्हणजे १२० केस हव्या असतील तर रजिस्टरमध्ये किमान २०० नोंदी असायला हव्यात.

तुम्ही अजून कोणत्याच संस्थेत नसाल, एम.एस्सी. करून थेट येत असाल, तर हे काम स्वतः करता येणार नाही. मग संभाव्य गाइडला पहिल्या भेटीत हाच प्रश्न विचारा : “सर, या विषयाचे वापरण्याजोगे ब्लॉक किती आहेत आणि ते कोणाच्या ताब्यात आहेत?” उत्तर गुळमुळीत आलं तर विषय अजून कागदावरच आहे असं समजा.

ब्लॉकच्या दर्जाचीही चौकशी इथेच करायची, कारण नंतर तो सुधारता येत नाही. फॉर्मॅलिन ऊतीत सुरुवातीला तासाला साधारण १ मिलिमीटर शिरतं, पुढे आणखी हळू. शनिवारी संध्याकाळी निघालेली ६ सेंटिमीटरची गाठ न चिरता सोमवारपर्यंत डब्यात पडून राहिली, तर बाहेरचा थर पक्का होतो आणि मधला भाग आतल्या आत विघटित होत जातो. अशा ब्लॉकवर इम्युनोचं, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिन दाखवणारं, रंजन कडेला गडद आणि मध्ये फिकं येतं, आणि संशोधक त्याला जैविक फरक समजून बसतो. हाडासह काढलेल्या जबड्याचे नमुने तीव्र आम्लात डीकॅल्सिफाय केले (हाडातलं कॅल्शियम काढलं) असतील तर त्यांतलं डीएनए-आरएनए भरवशाचं राहत नाही. ईडीटीए या सौम्य रसायनाने केले असतील तर आशा असते. विभागात कोणत्या वर्षी कोणती पद्धत होती, हे तिथल्या जुन्या तंत्रज्ञाला विचारा. फाइलमध्ये नसतं ते त्यांना माहीत असतं.

तपासणी : मोजणीचा एक पानी तक्ता तयार आहे का? वापरण्याजोग्या केस गरजेपेक्षा निदान दीडपट आहेत का? नसतील तर विषय बदलायची हीच वेळ. आत्ता तो फुकटात बदलतो.

## टप्पा ४ : गाइड

यूजीसीच्या नियमानुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्यांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. गाइड त्या संस्थेचा नियमित अध्यापक असावा लागतो, को-गाइड बाहेरचा चालतो. एवढं कार्यालयात विचारून कळतं.

कार्यालयात न कळणारी माहिती त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांकडून घ्या. त्यांना एकटं गाठून विचारा : सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) तपासून मिळायला किती दिवस लागतात, अँटिबॉडीचा खर्च कोणी केला, शोधनिबंधावर पहिलं नाव कोणाचं असतं, आधीच्या विद्यार्थ्याला किती वर्षं लागली.

एम.एस्सी.ची पार्श्वभूमी असेल तर को-गाइड म्हणून रिपोर्टिंग करणारा पॅथॉलॉजिस्ट घ्याच. स्लाइडवर ट्यूमरचा भाग आखून द्यायला आणि स्कोअरिंगला (रंजनाला गुण द्यायला) तो लागणारच आहे. आणि एमडी असाल तर प्रयोगशाळेतला जीवशास्त्रज्ञ को-गाइड घ्या. उलटं करू नका. दोघेही एकाच वाटेचे असले की दुसऱ्या बाजूच्या चुका कोणालाच दिसत नाहीत.

## टप्पा ५ : प्रश्न आणि आकडा

‘अमुक कर्करोगात तमुक मार्करचा (रोगाची खूण ठरणाऱ्या प्रथिनाचा) अभ्यास’ याला विषय म्हणतात, प्रश्न नाही. प्रश्नाचं उत्तर हो, नाही किंवा एखादा आकडा असं यायला हवं. उदाहरणार्थ : तोंडाच्या कर्करोगात आक्रमण करणाऱ्या कडेवर या प्रथिनाचा स्कोअर जास्त असेल तर मानेच्या गाठींत प्रसार असण्याचं प्रमाण जास्त असतं का?

नमुन्याची संख्या गाइडच्या जुन्या प्रबंधातून उचलू नका. एखाद्या गोष्टीचं प्रमाण मोजायचं असेल तर साधं सूत्र आहे : १.९६ चा वर्ग, गुणिले अपेक्षित प्रमाण, गुणिले उरलेलं प्रमाण, भागिले चालेल तेवढ्या चुकीचा वर्ग. अपेक्षित प्रमाण ३० टक्के आणि चूक ५ टक्के धरली तर ३२३ केस लागतात. चूक १० टक्के चालत असेल तर ८१. वाया जाणाऱ्या १० टक्के केस धरून हेच आकडे ३५९ आणि ९० होतात. टप्पा ३ मधला तक्ता इथे उपयोगी पडतो : तुमच्याकडे आहेत किती आणि सूत्र मागतंय किती?

रुग्ण किती काळ जगले किंवा आजार कधी उलटला यावर काम असेल तर हिशेब रुग्णांवर होत नाही, घटनांवर होतो. ढोबळ नियम असा की विश्लेषणातल्या प्रत्येक घटकामागे १० घटना हव्यात. १२० रुग्णांपैकी ३० जणांचा आजार उलटला असेल तर तीनच घटक एकत्र तपासता येतात. वय, स्टेज, ग्रेड, मार्कर असे चार घातले की गणित डळमळलं. संख्याशास्त्रज्ञाला भेटायचं ते इथे. डेटा गोळा झाल्यावर नव्हे.

## टप्पा ६ : परीक्षा आणि मुलाखत

लेखी परीक्षेत अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि अर्धे विषयाचे असतात. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेतून जायचं असेल तर लेखीचं वजन ७० टक्के आणि मुलाखतीचं ३० टक्के. एमडी झालेले विषयाच्या भरवशावर बसतात आणि संशोधन पद्धतीत अडकतात. एम.एस्सी.वाल्यांचं नेमकं उलटं होतं. केस-कंट्रोल आणि कोहोर्टमधला फरक, संवेदनशीलता आणि विशिष्टता, पूर्वग्रहाचे प्रकार, पी-मूल्याचा खरा अर्थ एवढं पक्कं असेल तर पहिला अर्धा भाग हाताशी येतो.

यूजीसीच्या नेट परीक्षेतून ‘फक्त पीएचडी प्रवेश’ या गटात पात्र ठरलात तर ते गुण एकच वर्ष चालतात. जेआरएफ ही कनिष्ठ संशोधन फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे वरिष्ठ फेलोशिपला (एसआरएफ) ४२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. ती नसेल तर प्रवर्गानुसार बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. त्यांना पीएचडीची पक्की नोंदणी झाल्याचा पुरावा लागतो, आणि नोंदणीचं पत्र विद्यापीठातून उशिरा निघालं की त्या वर्षाची फेलोशिप हातची जाते. पत्राचा पाठपुरावा स्वतः करा.

मुलाखतीला टप्पा ३ चा तक्ता घेऊन जा. समितीवर त्याचा परिणाम होतो.

## टप्पा ७ : सिनॉप्सिस आणि एथिक्स कमिटी

एथिक्सची मंजुरी मागच्या तारखेने मिळत नाही. मंजुरीआधी ब्लॉकमधून कापलेला एकही सेक्शन (पातळ काप) प्रबंधात वापरता येत नाही, आणि चांगली नियतकालिकं मंजुरीचा क्रमांक आणि तारीख दोन्ही मागतात.

जैववैद्यकीय संशोधन तपासणारी कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असावी लागते. नोंदणी चालू आहे की संपली ते आधी पाहा. अर्ज आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांना धरून लिहा. निदानानंतर उरलेल्या जुन्या ब्लॉकसाठी संमती माफ करण्याची विनंती करता येते, मात्र माफी कमिटी देते, ती गृहीत धरायची नसते. ओळख कशी झाकणार, कोड आणि नाव जोडणारी यादी कोणाकडे आणि कशी कुलूपबंद राहणार, हे नेमकं लिहा. नव्याने रक्त किंवा ऊती घेणार असाल तर संमतीपत्र मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लागतं, आणि रुग्ण ज्या भागातून येतात त्यानुसार उर्दू किंवा गुजरातीतही.

ब्लॉक कळव्याला आणि प्रयोगशाळा खारघरला असेल तर दोन्हीकडच्या कमिट्यांची मंजुरी आणि दोन संस्थांमध्ये साहित्य हस्तांतराचा करार लागतो. कोणताही नमुना परदेशी पाठवायचा असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचे नियम वेगळे आहेत. पीएचडीच्या वेळापत्रकात शक्यतो ते बसवू नका.

इशारा : निदानाचा ब्लॉक रुग्णाचा असतो. आजार उलटला तर पुढे त्याच ब्लॉकवर नवी तपासणी लागू शकते. म्हणून एकच ब्लॉक असलेल्या केसमध्ये ऊती संपेपर्यंत कापायचं नाही. किती सेक्शन घेणार आणि किती ऊती शिल्लक ठेवणार हे प्रोटोकॉलमध्येच लिहा.

## टप्पा ८ : कोर्सवर्क

किमान १२ क्रेडिट. त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचे २ क्रेडिट. ५५ टक्के नाही मिळाले तर पुढे जाता येत नाही. वर्ग चुकवू नका, आणि याच काळात एथिक्सचा अर्ज आत टाका, म्हणजे दोन्ही सोबत संपतात.

## टप्पा ९ : प्रयोगशाळेतलं काम

आधी खर्चाचा हिशेब. ४ मार्कर आणि १२० केस म्हणजे ४८० स्लाइड, असं लोक मांडतात. खरा आकडा असा : १५ टक्के स्लाइड पुन्हा कराव्या लागतात, म्हणजे ५५२. एका बॅचमध्ये २० स्लाइड, त्यातल्या २ कंट्रोल (रंजन बरोबर झालं का ते पडताळणाऱ्या). म्हणजे ३१ बॅच आणि ६२ कंट्रोल. एकूण ६१४. अँटिबॉडीचं गणितही असंच. एका स्लाइडला पातळ केलेलं १५० मायक्रोलिटर द्रावण धरलं तर एका मार्करच्या साधारण १५० स्लाइडना साडेबावीस मिलिलिटर लागतं. एकास शंभर पातळ केलं तर मूळ अँटिबॉडी ०.२२५ मिलिलिटर. ०.१ मिलिलिटरची लहान बाटली ‘स्वस्तात’ घेतली की काम मधेच तुटतं आणि दुसरी बाटली वेगळ्या लॉटची (उत्पादनाच्या खेपेची) येते. एका मार्करसाठी सगळ्या केसना एकच क्लोन (अँटिबॉडीचा वाण) आणि एकच लॉट हवा, म्हणून पातळीकरण पक्कं करण्यासाठी लागणाऱ्या स्लाइड धरून एकदाच खरेदी करा.

पैसे कमी असतील तर टिश्यू मायक्रोॲरे बसवा, म्हणजे अनेक केसचे बारीक दंडगोल तुकडे (कोर) एकाच ब्लॉकमध्ये. प्रत्येक केसमधून १ मिलिमीटरचे ३ कोर, म्हणजे ३६० कोर आणि साधारण ५ ब्लॉक. चार मार्करसाठी २० स्लाइड आणि वर कंट्रोल. पण दर दहा कोरमागे एखाद-दुसरा कापताना निसटतो किंवा त्यात ट्यूमर नसतो. शिवाय प्रश्न ट्यूमरच्या कडेविषयी असेल तर कोर कडेचेच घ्यावे लागतात. एच अँड ईवर जागा पॅथॉलॉजिस्टने पेनाने आखल्याशिवाय सुई लावू नका.

नवे नमुने घेणार असाल तर फिक्सेशनचा क्रम बदलू नका :

- १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन : ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नळाचं पाणी घालून केलेलं साधं फॉर्मॅलिन कालांतराने आम्लधर्मी होतं आणि ऊतीत काळसर रंगद्रव्य सोडतं.
- द्रावण ऊतीच्या किमान दहापट.
- स्तनाच्या नमुन्यात ऊती निघाल्यापासून १ तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये, आणि फिक्सेशन ६ ते ७२ तास. गाठ आधी ५ मिलिमीटरच्या चकत्यांत चिरा.
- डबा बंद केल्याची वेळ आणि ग्रॉसिंगची (नमुना चिरून तुकडे निवडण्याची) वेळ, दोन्ही लेबलवर.

इम्युनोसाठी ३ ते ४ मायक्रॉनचे सेक्शन, चार्ज्ड (ऊती धरून ठेवणाऱ्या) स्लाइडवर. साध्या स्लाइडवर घेतलेले सेक्शन अँटिजन रिट्रीव्हलच्या, म्हणजे झाकली गेलेली प्रथिनं उघडी करणाऱ्या, उकळत्या बफरमध्ये सुटून वाहून जातात. रिट्रीव्हल पीएच ६ च्या सिट्रेटमध्ये की पीएच ९ च्या ट्रिस-ईडीटीएमध्ये, ते त्या क्लोनवर ठरतं. दोन्ही करून पाहा आणि मग कुलूप लावा. सगळे ब्लॉक एकदम कापून स्लाइडचे डबे भरून ठेवण्याचा मोह होतो. तसं करू नका. न रंगवलेल्या सेक्शनमधले अनेक अँटिजन साठवणुकीत कमकुवत होत जातात. बॅच लावायच्या आठवड्यातच कापा.

प्रत्येक बॅचमध्ये प्रसार झालेल्या आणि न झालेल्या केस मिसळून लावा. आधी एक गट, मग दुसरा असं केलं तर बॅचचा फरक आणि रोगाचा फरक पुन्हा कधीच वेगळा करता येत नाही.

डीएनए काढणार असाल तर दर ब्लॉकला पात्याचा नवा भाग वापरा, मध्ये रिकाम्या पॅराफिनचा ब्लॉक कापा आणि वरचे पहिले एक-दोन सेक्शन टाकून द्या. फॉर्मॅलिनमधलं डीएनए तुटलेलं असतं, म्हणून पीसीआरने वाढवायचा डीएनएचा तुकडा २०० बेसपेअरच्या आत ठेवा. रक्त हेपॅरिनच्या नळीत घेऊ नका, हेपॅरिन पीसीआर अडवतं.

इथल्या हवेचंही बघावं लागतं. जून ते सप्टेंबर दमटपणामुळे स्लाइड आणि ब्लॉकवर बुरशी धरते. तळमजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये तर पाणीही शिरतं. ब्लॉक वरच्या खणात, सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते भट्टीत वाळवा. उणे ८० अंशांचा फ्रीझर जनरेटरच्या लाइनवर आहे की नाही ते स्वतः पाहा, लाइट गेल्यावर फोन कोणाला येतो तेही विचारा. नमुने दोन फ्रीझरमध्ये अर्धे-अर्धे विभागलेले बरे. ब्लॉक नेताना मे महिन्यात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका, पॅराफिन मऊ पडतं. फॉर्मॅलिनचे डबे लोकलमधून तर नेऊच नका. ते ज्वलनशील वायू सोडणारं विषारी रसायन आहे, ते संस्थेच्या गाडीनेच जायला हवं.

## टप्पा १० : स्कोअरिंग

पद्धत आणि कट-ऑफ (कमी-जास्त ठरवणारी सीमा) आधी लिहून तारीख टाका. एच-स्कोअर वापरणार असाल तर : फिक्या पेशींची टक्केवारी गुणिले १, मध्यम गुणिले २, गडद गुणिले ३, आणि तिन्हींची बेरीज. २० टक्के फिक्या, ३० मध्यम, १० गडद म्हणजे २० अधिक ६० अधिक ३०, एकूण ११०. कमाल ३००.

दोन पॅथॉलॉजिस्ट, स्वतंत्रपणे, रुग्णाचं पुढे काय झालं हे माहीत नसताना. गटांसाठी त्यांच्यातली सहमती कप्पा या सांख्यिकीय निर्देशांकाने मोजा. कप्पा कमी आला तर दोघांनी एकत्र बसून निकष घासूनपुसून घ्यावेत आणि सगळ्या स्लाइड पुन्हा पाहाव्यात. ज्या जुळल्या नाहीत तेवढ्याच पाहून आकडा सुधारणं ही लबाडी आहे, आणि परीक्षकाच्या ती लगेच लक्षात येते. वेगवेगळे कट-ऑफ लावून ज्यात पी ०.०५ च्या खाली येतो तो निवडणं, हीही त्यातलीच.

तपासणी : कोणतीही एक केस उचला. कच्च्या नोंदवहीतून ब्लॉक क्रमांक, बॅच, लॉट, दोघांचे स्कोअर आणि अंतिम तक्ता असा माग पाच मिनिटांत लागतो का?

## टप्पा ११ : लेखन, सादरीकरण, व्हायवा

दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. समितीने सुचवलेला प्रत्येक बदल इतिवृत्तात आला आहे ना ते पाहा. तोंडी मान्य झालेला बदल प्रबंध सादर करताना कोणालाच आठवत नाही. मार्करच्या विषयात एथिक्सचा प्रोटोकॉल बदलला असेल तर त्या दुरुस्तीलाही कमिटीची मंजुरी हवी.

लिहिताना रोगाच्या भवितव्याशी जोडलेल्या मार्करसाठी रिमार्क, निदान चाचणीसाठी स्टार्ड आणि निरीक्षणात्मक अभ्यासासाठी स्ट्रोब या तपासयाद्या शेजारी ठेवा. प्रबंधाचा पद्धतीचा अध्याय काम चालू असतानाच लिहायचा असतो. दोन वर्षांनी क्लोनचा क्रमांक शोधायला रिकामी बाटलीही सापडत नाही.

२०२२ च्या विनियमांनी शोधनिबंधाची सक्ती काढली, पण विद्यापीठ आपल्या पोटनियमात ती ठेवू शकतं. पैसे भरले की आठवड्यात छापून देणाऱ्या नियतकालिकांत काम टाकू नका. एकदा छापलं की तो डेटा चांगल्या ठिकाणी पुन्हा देता येत नाही.

साहित्यचोरीच्या तपासणीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्क्यांत दुरुस्त करून पुन्हा सादर करावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. पद्धतीचा अध्याय आणि व्याख्या इथे सगळ्यात जास्त पकडल्या जातात, म्हणून तपासणी सादर करण्याच्या दोन महिने आधी स्वतः करून घ्या.

प्रबंध दोन बाह्य परीक्षकांकडे जातो. व्हायवाला (तोंडी परीक्षेला) एक-दोन पेटी मूळ स्लाइड आणि कच्ची नोंदवही सोबत ठेवा, परीक्षक पॅथॉलॉजिस्ट असला तर स्लाइड मागतोच. पदवीआधी प्रबंधाची प्रत शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर चढवण्यासाठी द्यावी लागते. त्यात रुग्णांची यादी परिशिष्टात जोडली असेल तर नावं, नोंदणी क्रमांक आणि बायोप्सी क्रमांक काढून टाकले आहेत याची खात्री करा, कारण ती फाइल पुढे कोणीही उघडू शकतं. घेतलेले सगळे ब्लॉक यादीनुसार रेकॉर्ड रूममध्ये परत करून पोचपावती घ्या. ना-देय प्रमाणपत्र तिच्याशिवाय मिळत नाही.